लेकीचा वाटा, अपिलाची वाट

नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. आई आधीच गेली, आता वडीलही वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या वाट्याला किती येईल?

सीमाभागात हे गणित घरोघरी मांडलं जातं, आणि उत्तर सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलतं. जुनी माणसं सांगतात, एक एकर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ते चूक नव्हतं. आधी बाप आणि दोन मुलगे यांच्यात कागदावरची वाटणी धरायची, प्रत्येकी तीन एकर. मग बापाच्या तीन एकरांचे तिन्ही मुलांत सारखे भाग करायचे. मुलग्यांना चार-चार, मुलीला एक. आजचं उत्तर मात्र तीन, तीन आणि तीन असं आहे. एका एकराचे तीन एकर व्हायला चौसष्ट वर्षं लागली. ही वाट संसदेतून तर गेलीच, पण तिचा एक मोठा टप्पा बेळगावच्या न्यायालयात सुरू झाला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

मी वकील नाही. जुनी मराठी आणि मोडी कागदपत्रं वाचून त्यांची कन्नड-इंग्रजी भाषांतरं करून देणं हे माझं काम. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे पणजोबांचं खरेदीखत मराठीत, आजचा उतारा कन्नडमध्ये आणि उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत, अशी एकाच जमिनीची तीन भाषांतली कागदं माझ्यासमोर येतात. ती वाचता वाचता निकालपत्रं वाचायची सवय लागली. गेल्या काही वर्षांतले जे निकाल आपल्या घरांना थेट भिडतात, त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. खटल्यांतल्या माणसांची नावं मात्र देत नाही. कायद्याच्या पुस्तकांत हे खटले पक्षकारांच्या नावांनीच ओळखले जातात; पण माणसं आपल्या आजूबाजूचीच आहेत, आणि घरातलं भांडण एकदा चव्हाट्यावर आलं तेवढं पुरे.

मूळ कायद्यात मुलगा जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीचा हिस्सेदार होई. कायद्याच्या मराठीत त्याला सहदायाद म्हणतात. मुलगी तशी नव्हती. तिला मिळायचा तो बापाच्या वाट्यातला वाटा. हा कायदा हिंदूंबरोबर जैनांना आणि लिंगायतांनाही लागू आहे. लिंगायत आणि वीरशैव हे शब्द तर कायद्याच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे मराठा असो, जैन असो की लिंगायत, आपल्या बहुतेक दुभाषी घरांना हेच गणित.

कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं १९९४ साली आपापल्या दुरुस्त्या करून मुलीला जन्मानं हक्क दिला, पण त्यात एक मेख होती. दुरुस्ती लागू होण्यापूर्वी जिचं लग्न झालं असेल तिला हा हक्क नाही. महाराष्ट्रात २२ जून १९९४ ही तारीख, कर्नाटकात ३० जुलै १९९४. एकाच आईच्या दोन मुली घ्या. थोरलीचं लग्न त्या वर्षीच्या वैशाखात झालं, ती बाहेर. धाकटीचं मार्गशीर्षात झालं, ती आत. लग्न ठरायला उशीर झाला म्हणून जिच्याबद्दल घरात काळजी होती, तिला तेवढ्यामुळे जमिनीत पूर्ण वाटा मिळाला. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केला नसेल असं नाही. पण लग्न झालेली मुलगी परक्या घरची, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की कुणाला त्यात काही खटकलं नसावं. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. मुलगी मुलाप्रमाणेच जन्मानं सहदायाद, असं कायद्यानं म्हटलं.

इथून आपल्या जिल्ह्यातल्या खटल्याची गोष्ट. एका मुलीनं वडिलांच्या मिळकतीत वाटणी मागणारा दावा १९९२ साली बेळगावच्या न्यायालयात दाखल केला होता. वडील १९८८ मध्ये वारले होते. दावा चालू असतानाच २००५ ची दुरुस्ती आली. तिनं दाव्यात बदल करून घेतला आणि नव्या कायद्याप्रमाणे वाटा मागितला. कनिष्ठ न्यायालयानं तिला थोडं दिलं. ती कर्नाटक उच्च न्यायालयात अपिलात गेली.

अपील म्हणजे नेमकं काय, याविषयी आपल्याकडे बराच घोळ असतो. पहिल्या अपिलात वरचं न्यायालय पुरावाही पुन्हा तपासू शकतं आणि कायदाही. दुसऱ्या अपिलात मात्र उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हात घालतं. ‘खालच्या कोर्टानं माझं ऐकलंच नाही, आता वर जाऊन सगळं सांगतो,’ असं म्हणत दुसऱ्या अपिलाला निघालेली माणसं बहुधा रिकाम्या हातानं परततात. वर सांगायची असते ती कायद्यातली चूक. मनातली हकीकत नव्हे.

या मुलीकडे तसा कायद्याचा प्रश्न होता. खटला प्रलंबित असताना कायदा बदलला, तर निकाल कोणत्या कायद्यानं द्यायचा? उच्च न्यायालयानं सांगितलं, प्रलंबित खटल्यालाही नवी दुरुस्ती लागू होते, वाटा नव्या कायद्याप्रमाणे. भाऊ सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे निकाल फिरला. ९ सप्टेंबर २००५ या दिवशी मुलगी आणि तिचे वडील दोघंही हयात असतील तरच मुलीला हा हक्क, असं दोन न्यायमूर्तींच्या पीठानं ठरवलं. इथं वडील सतरा वर्षं आधीच गेले होते. दावा दाखल होऊन तोवर तेवीस वर्षं झाली होती.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका गोष्टीचं नवल वाटलं. मुलग्याचा हक्क जन्मापासून धरायचा आणि मुलीचा हक्क बाप कधी मेला यावरून ठरवायचा, मग समान हक्क म्हणजे काय? पण सर्वोच्च न्यायालयाचा शब्द तो. देशभरातल्या न्यायालयांत तो लागू झाला. वडील २००५ च्या आधी वारले असतील त्या मुलींना वकील सांगू लागले, ताई, आता वाटाघाटी करा आणि मिळेल ते घ्या. कित्येक बहिणींनी त्या काळात थोड्या पैशांवर सह्या केल्या.

तिढा वाढला तो १ फेब्रुवारी २०१८ ला. तोही खटला कर्नाटकातलाच. वडील २००१ मध्ये वारलेले. मुली १९५६ च्या आधी जन्मल्या म्हणून त्यांना वाटा नाही असं खालच्या न्यायालयानं म्हटलं होतं आणि उच्च न्यायालयानं ते कायम केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका दोन न्यायमूर्तींच्या पीठानं हे फिरवलं आणि मुलींना वाटा दिला. २०१५ च्या निकालाप्रमाणे तर वडील २००५ ला हयात हवेत! आता एकाच न्यायालयाचे दोन निकाल, आणि प्रत्येक पक्षाचा वकील आपल्याला हवा तो दाखवणार. हा गुंता सोडवायला तीन न्यायमूर्तींचं पीठ बसलं. न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा. यांतले न्या. नझीर हे कर्नाटकातलेच. ११ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या दिवसांत, निकाल आला: मुलीचा हक्क जन्मानं आहे. वडील कधी वारले याचा त्याच्याशी संबंध नाही. २०१५ चा निकाल चुकीचा ठरला.

या निकालातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. भावांचा नेहमीचा बचाव असतो, ‘आमच्यात वाटणी केव्हाच झाली, तोंडी झाली, पंचांसमोर झाली.’ न्यायालयानं सांगितलं, २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी केलेल्या वाटणीपत्रानं किंवा न्यायालयाच्या हुकुमानं झालेली वाटणी उघडता येणार नाही. त्या तारखेपूर्वीची विक्रीही कायम. पण तोंडी वाटणीचं म्हणणं सहसा मान्य करायचं नाही. सरकारी दस्तऐवजांचा सलग आधार असेल आणि पुढचं वागणंही त्याप्रमाणे असेल, अशा अपवादातच ते विचारात घ्यायचं.

आपल्याकडे हा बचाव वर्दीच्या रूपानं येतो. वर्दी हा शब्द आपल्या भागात दोन्ही भाषांत तोच. वडील गेल्यावर भाऊ तहसीलदार कचेरीत वर्दी देतात, आम्ही आपसात वाटून घेतलं, नावं लावा. नावं लागतात, उताऱ्यावर येतात, आणि दहा वर्षांनी तोच उतारा वाटणीचा पुरावा म्हणून पुढे होतो. उताऱ्यावरची नोंद सारा कुणाकडून घ्यायचा ते सांगते. तिच्यानं मालकी जन्मत नाही की मरत नाही, हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते पाठ व्हायला हरकत नसावी. तरीही ‘उताऱ्यात नाव नाही म्हणजे वाटा नाही’ असं म्हणत बसलेल्या बाया मला अजून भेटतात, आणि त्यांना तसं सांगणारेही भेटतात. सांगणारे अडाणी नसतात. त्यांना ते तसं राहिलेलं हवं असतं.

लग्न झालेली मुलगी परकी, या समजुतीला आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या आणखी एका खटल्यानं धक्का दिला. तो जमिनीचा नव्हता, नोकरीचा होता. जिल्ह्यातल्या एका कृषी उत्पन्न बाजार समितीचे सचिव नोकरीत असतानाच वारले. विवाहित मुलीनं अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागितली. अर्ज फेटाळला गेला, कारण नियमांत कुटुंबाच्या व्याख्येत ‘अविवाहित मुलगी’ असाच शब्द होता. मुलगा विवाहित असला तरी चालत होतं. १५ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. एम. नागप्रसन्न यांनी नियमातला ‘अविवाहित’ हा शब्दच घटनाबाह्य ठरवला. लग्नानं मुलाचं मुलगेपण जात नसेल, तर मुलीचं कसं जातं, असा तो साधा प्रश्न होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही निकाल टिकला, आणि राज्य सरकारनं २०२१ मध्ये नियम बदलले.

म्हणून प्रत्येक मुलीला नोकरी मिळेल असं मात्र नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्याच एका घटस्फोटित मुलीला अनुकंपा नोकरी नाकारली. आईचा मृत्यू झाला तेव्हा ती विवाहित होती, घटस्फोट नंतरचा, आणि त्या वेळचा नियम तिच्या बाजूनं नव्हता. नियम कोणत्या दिवशीचा धरायचा, यावर बराच काही खेळ असतो. ज्यांच्या घरात असा प्रश्न आहे त्यांनी मृत्यूची आणि अर्जाची तारीख दोन्ही हाताशी ठेवूनच वकिलाकडे जावं.

दुसऱ्या लग्नाच्या मुलांचाही एक निकाल सांगून पुढे जाते, कारण असे संसार आपल्या भागात आहेत आणि त्यांच्याबद्दल कुजबुज पुष्कळ पण बोलणं कमी. पहिली पत्नी हयात असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यानं शून्य. त्या मुलांचं काय? २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठानं अशा मुलाचाही अनुकंपा नोकरीसाठी विचार झाला पाहिजे असं सांगितलं. आईबाप अनौरस असू शकतील, मूल अनौरस नसतं, असा त्या निकालाचा सूर होता. मिळकतीबद्दल १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तोही कर्नाटकातल्याच खटल्यावर. वडिलांना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जो वाटा मिळाला असता, त्यात या मुलांचाही भाग आहे. आजोबा-काकांच्या वाट्यावर मात्र त्यांना थेट हक्क सांगता येत नाही. ही मर्यादा नीट समजून घेतली तर दोन्ही घरांतले निम्मे दावे दाखलच होणार नाहीत.

आता एक फौजदारी प्रकरण. लिहावं की न लिहावं असा प्रश्न पडला होता, पण लेकीबद्दल बोलताना ते टाळणं अप्रामाणिक वाटलं. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात एक मुलगी आपल्या आवडीच्या मुलाबरोबर निघून गेली. तिचं दुसरीकडे ठरत होतं. तिच्या घरच्या माणसांनी त्या मुलाच्या आईला घराबाहेर ओढलं, विवस्त्र केलं आणि खांबाला बांधून मारलं. गावाचं नाव वर्तमानपत्रांत आलं होतं, मी इथं देत नाही. त्या बाईला अजून तिथंच जगायचं आहे.

उच्च न्यायालयानं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे. त्यांचा जन्म निपाणीचा, पुढे जानेवारी २०२४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. द्रौपदीच्या मदतीला श्रीकृष्ण तरी धावला, इथे त्या बाईच्या मदतीला कुणी आलं नाही, या अर्थाचं त्यांचं भर न्यायालयातलं बोलणं बेळगावात घराघरात वाचलं गेलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पीठानं बघ्यांबद्दल विचारलेलं. मारणारे आरोपी ठरतात, त्यांच्यावर खटला होतो. उभं राहून बघत होते त्यांचं काय? इंग्रजी अमलात, बेंटिंकच्या काळात, अशा गावावर सामुदायिक दंड बसवला जाई, त्याला कन्नडमध्ये पुंडुगंदाय म्हणतात, याची आठवण पीठानं करून दिली. वाचवायला पुढे झालेल्या एका माणसाचं कौतुकही केलं.

आता हे प्रकरण आणि नऊ एकरांचं गणित यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध आहे. ज्या घराला मुलगी हिस्सेदार म्हणून आठवत नाही, त्याच घराला ती अब्रू म्हणून मात्र पक्की आठवते. जमिनीच्या वेळी ती परक्या घरची, आणि स्वतःच्या मनानं लग्न करायला निघाली की ती आमच्या घरची! माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांतही हे दिसतं. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिचा वाटा नाही, असं मृत्युपत्रात नव्हे तर चक्क वर्दीत लिहिलेलं मी वाचलं आहे. वडिलांना स्वतःच्या कमाईची मिळकत मृत्युपत्रानं कुणालाही देता येते. वडिलोपार्जित मिळकतीतला मुलीचा स्वतःचा वाटा त्यांना असा काढून घेता येत नाही.

आणि हे सगळे निकाल जिथं निष्प्रभ होतात ती जागा म्हणजे हक्कसोडपत्र.

बारावं-तेरावं झालेलं असतं, माणसं अजून पांगलेली नसतात. भाऊ म्हणतो, अक्का, एक सही लागते कचेरीत, नावं लावायला. अक्काला काही प्रश्न विचारायचे असतात, पण श्रावण जवळ आलेला असतो. पंचमीला भाऊ न्यायला येईल की नाही, उंड्या खायला आणि झोका घ्यायला तवरुमनेचं दार उघडं राहील की नाही, हे त्या सहीवर अवलंबून आहे असं तिला कुणी बोलून दाखवत नाही. तिला ते कळतं. मराठीत आपण चोळी-बांगडी म्हणतो, कन्नडमध्ये अरिशिण-कुंकुम. भावानं ते करावं, बहिणीनं जमीन सोडावी, असा हा न लिहिलेला करार. ज्या बहिणीला तो मनापासून मान्य आहे तिनं खुशाल सोडावं. तिच्या निर्णयावर बोट ठेवणारी मी कोण? पण काय सोडतो हे कळून सोडावं. एक एकर समजून सही केली आणि सोडलेले तीन एकर होते, असं होऊ नये.

त्यात भाषेचा प्रश्न. आपल्याकडे गडहिंग्लज-चंदगडकडून आलेल्या सुनांना कन्नड वाचता येत नाही, आणि कन्नड शाळेत शिकून कोल्हापूर-सांगलीकडे दिलेल्या मुलींना मराठी कागद वाचताना धाप लागते. दोघीही ‘वाचून, समजून, राजीखुशीनं’ या ओळीखाली सही करतात. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं असावं लागतं; साध्या कागदावरच्या सहीनं हक्क जात नाही. पण नोंदणी एकदा झाली की फसवणूक सिद्ध करणं अवघड, आणि दस्त रद्द करून घ्यायला मुदतही तीनच वर्षांची, फसवणूक कळल्यापासून. म्हणून आधीच सांगावं, मला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा, आणि तसं वाचून दाखवल्याचं दस्तातच लिहा. यात भावाचा अपमान नाही. उद्या कुणी प्रश्न काढला तर तो कागद भावालाही उपयोगी पडतो.

लोकअदालतीत केलेल्या तडजोडीचंही असंच. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावरही नाही. अगदी मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट करता येतं, एवढंच. लोकअदालतीमुळे भावाबहिणीची कित्येक भांडणं मिटली, पुन्हा एका ताटात जेवू लागली, हे मी पाहिलं आहे आणि तिला नावं ठेवणार नाही. पण तिथं सही करताना ‘बघू, नाही पटलं तर वर जाऊ’ असं मनात असेल तर वर जायला जिनाच नाही.

ज्यांना अपिलात जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. दिवाणी दाव्यातलं पहिलं अपील दाव्याच्या किमतीप्रमाणे जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात होतं. जिल्हा न्यायालयासाठी मुदत तीस दिवस, उच्च न्यायालयासाठी नव्वद. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज दिला असेल तरच. उशीर माफ होऊ शकतो. मात्र पटणारं कारण द्यावं लागतं, आणि ‘भावानं पंचमीला बोलावलं होतं, म्हटलं मिटेल’ हे कारण न्यायालयाला पटेलच असं नाही. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबलेल्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावं: मोफत कायदे साहाय्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा.

पूर्वी उच्च न्यायालय म्हणजे बेंगळूर, पाचशे किलोमीटर, रात्रीची गाडी आणि लॉजचं भाडं. जुलै २००८ मध्ये धारवाडला फिरतं खंडपीठ सुरू झालं, ऑगस्ट २०१३ मध्ये ते कायम झालं. आता सकाळी डबा बांधून निघालेली बाई सुनावणी ऐकून संध्याकाळी दिवेलागणीला परत येते. या फरकाचं महत्त्व भाड्यापेक्षा मोठं आहे. दोन दिवस घर सोडायला जिला कुणी परवानगी दिली नसती, ती आता धारवाडला जाऊन येते.

सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळकत असलेल्या घरांचा प्रश्न उरतो. खानापूर तालुक्यात शेत आणि चंदगडला घर, असं आपल्याकडे सर्रास असतं. स्थावर मिळकत दोन न्यायालयांच्या हद्दींत असेल तर वाटणीचा दावा त्यांपैकी कुठल्याही एका न्यायालयात सगळ्या मिळकतीसाठी दाखल करता येतो. दोन राज्यांत दोन दावे करायची गरज नाही. पुढे उच्च न्यायालय गाठायची वेळ आली तर इकडच्या निकालावर धारवाड, आणि तिकडच्या निकालावर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, कारण मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ त्या दिवशी तिथे सुरू झालं. त्याआधी चंदगडच्या बाईला मुंबई गाठावी लागे. दावा कुठे करायचा हे ठरवताना वकिलाशी कागद कोणत्या भाषेत आहेत याचंही बोलून घ्यावं. मोडीतलं खरेदीखत असेल तर त्याचं भाषांतर आधी करून ठेवावं, कारण मोडी वाचणारी माणसं आता दोन्ही बाजूंना थोडीच उरली आहेत आणि मुदतीचे तीस दिवस फार लवकर संपतात.